बासुंदीच्या खरवडीची बीअर

बाविसाव्या वर्षी माझ्या नावावर बँकेत खातं नव्हतं, पण बीअर पिण्याचा सरकारी परवाना होता. हा परवाना आरोग्य राखण्यासाठी देण्यात येत आहे, असं त्यावर छापलेलं होतं. आईने तो देवघराच्या खणात, पंचांगाखाली लपवून ठेवला होता.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा एक छोटा बीअरचा कारखाना होता. त्याचं नाव लिहीत नाही, आता तो राहिलेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेत लागले आणि पुढची एकोणीस वर्षं बीअर चाखून घरी जात राहिले. चाखून म्हणते, पिऊन नाही. लोकांना हा फरक समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यामुळे ‘मुलगी दारूच्या कारखान्यात आहे’ एवढं सांगितलं की अंबरनाथचा माणूस पुढचा ‘गोळा’ स्वतःच जोडून घ्यायचा आणि विषय संपायचा. बदलापूर गावातलं स्थळ आलं तेव्हाही तसंच झालं. सासरे म्हणाले, “म्हणजे वडिलांच्याच खात्यात की!” मला राहवलं नाही. मी म्हटलं, “नाही. ती उडवायची दारू, ही प्यायची.”

मग सासूबाईंनी विचारलं, “तू पितेस?”

“दोन-दोन चमचे. सकाळी अकरा वाजता. कामच आहे ते.”

सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “माझा बा ताडी प्यायचा, तो चमच्यानं नाय मोजायचा,” त्या म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. लग्न ठरलं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तसंच बीअरसाठी जवाला मोड आणून वाळवतात. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की गोड पाणी उतरतं. त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळतात, गार करतात आणि यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, त्यातून दारू होते. काही दिवस झाले की टाकी गारठवतात, यीस्ट तळाला बसतं, वरची बीअर गाळून बाटल्या भरतात. यंत्रं पुष्कळ होती. पण बाटलीत जायच्या आधी शेवटचा शब्द जिभेचा आणि नाकाचा असायचा.

चाखण्याची वेळ अकराची, कारण तेव्हा पोट ना भरलेलं असतं ना रिकामं. बीअरचा रंग दिसू नये म्हणून ग्लास गडद लाल काचेचे. तीन ग्लासांत दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. मधे साधं पाणी आणि कोरडे चुरमुरे. वाइन चाखणारे थुंकतात म्हणे. बीअर गिळावीच लागते, तिचा कडवटपणा घशाजवळ कळतो. कामाच्या दिवशी वासाचं तेल नाही, पावडर नाही, सकाळच्या जेवणात कांदा नाही, केसात फूल नाही. एकोणीस वर्षांत मी गजरा माळला तो फक्त रविवारी आणि सणासुदीला.

हे सगळं मला शिकवलं परेरा साहेबांनी. ते वसईचे, आमचे ब्रूमास्टर, म्हणजे बीअर बनवण्यातले सर्वांत वरचे. बोलायला मऊ. चुकीला मात्र क्षमा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, “बाई, मशीन चुकलं तर दुरुस्त करता येतं. तुम्ही खोटं लिहिलंत तर मला ते कळणारसुद्धा नाही.”

आणि नोकरीच्या चौथ्या महिन्यात मी खोटं लिहिलं.

उन्हाळ्याचे दिवस होते, बीअरला मागणी भरपूर. परेरा साहेब रजेवर होते. प्रॉडक्शन मॅनेजर सावंत साहेबांनी एक टाकी दोन दिवस आधीच गारठवायला घेतली. अकराच्या टेबलावर मला त्या बीअरमध्ये लोण्याचा पुसट वास आला. यीस्ट काम करताना असा वास सोडतं आणि वेळ दिला तर स्वतःच तो परत गिळूनही टाकतं. घाई केली की तो बीअरमध्ये राहतो आणि बाटलीत वाढत जातो. हे मी शिकलेली होते. पण टेबलाभोवती चार पुरुष, सगळे माझ्यापेक्षा जुने, आणि चौघांनी ‘ठीक’ लिहिलेलं. मीही ‘ठीक’ लिहिलं.

महिन्याभरात बाटल्या परत यायला लागल्या. कोणाला तरी दोष द्यायला हवा होता. टाक्यांच्या थंड खोलीत गणपत नावाचा साताऱ्याकडचा माणूस नळ्या धुवायचा. नळ्या नीट धुतल्या नाहीत म्हणून वास आला, असं ठरलं. गणपतचं काम गेलं. तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन मला म्हणाला, “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. नळीनं असा वास येतो का हो?”

मी म्हटलं, “मी नवीन आहे, मला नक्की सांगता येणार नाही.”

तो मान हलवून गेला. परेरा साहेब परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तोवर तो गावी निघून गेला होता. साहेबांनी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. मला पुन्हा तो कधी भेटला नाही. माझ्या नोकरीतल्या पुष्कळ गोष्टींचा मला अभिमान आहे, पण त्या एका वाक्यावर पांघरूण घालता येत नाही.

आता ज्या काळ्या बीअरसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

आमचे मालक उल्हासनगरच्या कॅम्प चारचे. सिंधी लोक मोठ्या माणसाला दादा म्हणतात, म्हणून कारखान्यात सगळेच त्यांना दादा म्हणायचे. त्यांचे वडील फाळणीनंतर आले आणि कॅम्पात मिठाईचं छोटं दुकान टाकलं. दादा लहानपणी त्या दुकानात बसलेले. दादा दारूच्या धंद्यात पडल्यावर म्हाताऱ्याने त्यांच्याशी बोलणं जवळपास सोडलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्वदच्या आसपास दादा परदेशात जाऊन आले आणि तिथून काळ्या गोड स्टाउटची एक बाटली घेऊन आले. स्टाउट म्हणजे जव कॉफीसारखं काळं भाजून केलेली दाट बीअर. टेबलावर बाटली ठेवून ते म्हणाले, “परेरा, मला अशी बनवून दे. पर अपनी वाली. बोतल में मिठाई होनी चाहिए. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलवाल्याला नाताळाच्या पार्टीसाठी सांगून आलोय.”

पहिला प्रयोग गुळाचा केला. कोल्हापुरी गूळ, चांगला पिवळाधमक. दहा दिवसांनी चाखलं तर बीअर पातळ, कोरडी, आणि गोडीचा पत्ता नाही.

“गुड कहाँ गया?” दादांनी विचारलं.

“यीस्टने खाल्ला,” मी सांगितलं.

“सगळा?”

“सगळा.”

“तर त्याला बोला ना, थोडा माझ्यासाठी पण सोड.”

यीस्ट सोडत नाही. त्याला खाता येणार नाही अशीच साखर शोधावी लागते. परेरा साहेबांनी सांगितलं, ती दुधात असते. होमिओपॅथीच्या पुड्यांमध्ये असते ती पांढरी भुकटी, तीच. अंबरनाथला औषधांचे कारखाने हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती मिळवायला त्रास झाला नाही. दुधाची साखर घालून दुसरा प्रयोग झाला. बीअर दाट झाली, गोडसर झाली, जिभेवर रेशमासारखी बसली. दादांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“ही मिठाई नाही. हे आजारी माणसाचं दूध आहे.”

त्यांचं बरोबर होतं. दूध होतं, पण चुलीवर न चढलेलं. आणि भाजलेल्या जवाचा कडू काळेपणा त्याच्याशेजारी परका वाटत होता. दोन चवी एका ग्लासात होत्या, एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी आठवडाभर त्याचाच विचार करत होते.

त्या रविवारी घरी बासुंदी होती. आमच्या घरी दोन म्हशी होत्या, पाहुणे आले की सासूबाई मोठ्या पितळी पातेल्यात दूध आटवायच्या. जेवणं झाल्यावर त्या उलथन्याने पातेल्याच्या तळाची खरवड काढत बसल्या. मला एक तुकडा दिला. तपकिरी, चिवट, गोड, कडेला जरासा करपलेला. आत जायफळ.

मी तो तोंडात धरून उभीच राहिले. गोडी आणि करपलेपणा इथे वेगळे नव्हतेच. एकातून दुसरं झालेलं होतं.

“आई, ही खरवड मला उद्या डब्यात द्याल?”

“ऑफिसात खरवड कशाला गो?”

“साहेबांना चाखायला.”

“मग बासुंदी ने की! लोक काय म्हणतील, सासू सुनेला पातेल्याचा तळ देते.”

“मला तळच हवाय.”

सोमवारी परेरा साहेबांनी डब्यातला तुकडा खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. मग म्हणाले, “आपण जव फार काळं भाजतोय.” बस. पुढचे दोन महिने आम्ही त्या एका वाक्यावर काम केलं. जव काळ्याच्या अलीकडे, गडद तपकिरीवर थांबवलं. कडू फुलं कमी केली. वेलदोडा घालून पाहिला, तर बीअरला केसांच्या तेलाचा वास आला. केशर घातलं, तर पैसे गेले आणि चव कळलीसुद्धा नाही. शेवटी जायफळच, तेही इतकं थोडं की नाव घेता येऊ नये, फक्त काहीतरी आहे असं वाटावं.

सहाव्या प्रयोगाला दादांनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. एक घोट घेतला. मग सिंधीत काहीतरी पुटपुटले. परेरा साहेबांनी विचारलं, “काय म्हणालात?”

“माझ्या बाबांचं दुकान,” दादा म्हणाले. “संध्याकाळी कढई उतरवायचे ना, तेव्हा असा वास यायचा.”

हिवाळा लागला की नाताळाच्या बेताने मोठी टाकी भरायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात मला दिवस गेल्याचं कळलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, आधी दोनदा काही टिकलं नव्हतं. मी परेरा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. बदली होईल, कदाचित नोकरीच जाईल, अशी मनाची तयारी करून गेले होते.

ते उठून उभे राहिले. “अभिनंदन. आजपासून एक थेंब नाही. जिभेला सुट्टी. पण नाक रोज अकरा वाजता हजर पाहिजे.”

तर त्या बीअरची मोठी टाकी तयार झाली तेव्हा मी ती फक्त हुंगत होते. आणि त्या दिवसांत नाक असं काही चालायचं की शेजारच्या इमारतीत कोणी डबा उघडला तरी भाजी कोणती ते मी सांगायचे.

नाताळच्या पार्टीला दहा दिवस उरले होते. सावंत साहेबांनी हॉटेलची तारीख गाठायला टाकी गारठवायला लावली होती. अकराच्या टेबलावर लाल ग्लास मांडले. परेरा साहेबांना चार दिवसांची सर्दी होती, त्यांनी आधीच सांगितलं, “आज माझ्यावर जाऊ नका.” बाकीच्यांनी घोट घेतले. एकेकाचा चेहरा खुलत गेला. कोणी लिहिलं, ‘उत्तम, लोण्यासारखी.’ कोणी लिहिलं, ‘अगदी मिठाई.’

मी ग्लास नाकाशी नेला. दूध होतं, भाजलेलं जव होतं, जायफळ होतं. आणि त्याखाली लोणी. पुसट. तोच वास.

साध्या बीअरमध्ये तो खटकतो. इथे तर तो मिठाईचाच भाग वाटत होता, म्हणून सगळे खूश होते. मला दारात उभा असलेला गणपत दिसला. मी पेन खाली ठेवलं.

“ही टाकी बाटलीत जाऊ नये,” मी म्हटलं. “लोण्याचा वास आहे. आज छान वाटतोय. बाटलीत तो वाढेल आणि पंधरा दिवसांत खवट होईल. ती लवकर गारठवली आहे.”

सावंत साहेब हसले. “मॅडम, तुम्ही प्यायलासुद्धा नाहीत. आम्ही चौघं प्यायलो. अशा दिवसांत बायकांना काय काय वास येतात, माझ्या घरीही झालंय.”

टेबलावर कोणी वर पाहिलं नाही. दादांना तेवढ्यात कोणीतरी बोलावून आणलं होतं, ते दारातच थांबले.

“मला अर्धा-पाऊण तास द्या,” मी म्हटलं. “माझ्या नाकावर विश्वास ठेवू नका, तुमच्या नाकावर ठेवा.”

ही परीक्षा साधी आहे. बीअरचे दोन नमुने घ्यायचे. एक झाकून गरम पाण्यात ठेवायचा, दुसरा तसाच. लपलेला वास उष्णतेने बाहेर येतो, जो बाटलीत हळूहळू येणार असतो तो लगेच येतो. मग दोन्ही सारखे गार करायचे. मी तीन लाल ग्लास भरले, दोनात न तापवलेली बीअर, एकात तापवलेली. सावंत साहेबांना म्हटलं, “तुम्हीच सांगा, वेगळा कोणता.”

त्यांनी पहिला हुंगला, दुसरा हुंगला. तिसऱ्यावर मान मागे घेतली.

“पुन्हा लावा,” ते म्हणाले.

मी त्यांना पाठ फिरवायला लावून ग्लासांची जागा बदलली. त्यांनी पुन्हा तोच काढला. तिसऱ्यांदाही तोच. मग ते हळू आवाजात म्हणाले, “हा वेगळा आहे.”

दादांनी पुढे होऊन तो ग्लास उचलला. एकदाच वास घेतला.

“बासी पेढा,” ते म्हणाले. “दुकानात असा निघाला तर बाबा पूर्ण परात फेकून द्यायचे. आता काय, टाकी फेकायची?”

“नाही दादा. गारवा कमी करायचा, यीस्ट अजून आहे आत. त्याला वेळ दिला तर ते स्वतः साफ करेल.”

“किती दिवस?”

“ते यीस्टलाच विचारावं लागेल. मी रोज वास घेऊन सांगेन.”

“आणि पार्टी?”

दादा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग परेरा साहेबांच्या टेबलावरचा फोन उचलून त्यांनी हॉटेलवाल्याला लावला. “सर, नाताळाला नाही होणार. एकतीस डिसेंबरला देतो. नाही सर, माल तयार आहे. पण माझ्या केमिस्टने हो म्हटलं नाही.”

‘माझ्या केमिस्टने.’ पगारवाढीचं पत्रसुद्धा मी कधी इतक्या वेळा मनात वाचलं नाही.

रोज सकाळी दोन ग्लास, एक तापवलेला, एक न तापवलेला. पहिले तीन दिवस काही फरक नाही. चौथ्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. मिस्टर म्हणाले, “अगं, बीअर आहे ती, बाळ नाही.” सासूबाई आतून म्हणाल्या, “दोन्ही तिच्याच जिवावर आहेत, खाऊ दे तिला सावकाश.” पाचव्या दिवशी वास निम्मा. सातव्या दिवशी तापवलेल्या ग्लासात दूध, जव आणि जायफळ, त्यापलीकडे काही नाही. मी सावंत साहेबांकडे ग्लास दिला. त्यांनी तीनदा वास घेतला, वहीत स्वतःच्या हाताने ‘स्वच्छ’ लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. “आधी तुम्ही सही करा,” म्हणाले.

एकतीस डिसेंबरला बाटल्या हॉटेलात पोचल्या. मी गेले नाही, सातवा लागला होता. परेरा साहेब गेले होते. त्यांनी सांगितलं की जेवणानंतर गोडाऐवजी लहान ग्लासांतून ती वाढली, आणि लोक दुसरा ग्लास मागत होते. हॉटेलने पुढच्या हिवाळ्यासाठीही मागणी नोंदवली. दादांनी एक बाटली कॅम्प चारला वडिलांकडे नेली. म्हातारा प्याला नाही. पण बूच काढायला लावून त्याने वास घेतला, आणि विचारलं, “कढई कोण उतरवतं तुझ्याकडे?” बापलेकांमध्ये इतक्या वर्षांनी झालेलं ते पहिलं धड बोलणं, असं दादाच सांगत होते.

मार्चमध्ये मला मुलगी झाली. धडधाकट, भरपूर आवाजाची.

रजा संपून मी परत आले तरी मूल अंगावर पीत होतं, म्हणून नाकच चालू होतं. त्यानंतरचा, म्हणजे दुसरा हिवाळा उलटून तिसरा आला, मुलगी वरणभात खायला लागली, तेव्हा परेरा साहेबांनी एके दिवशी अकराच्या टेबलावर माझ्यापुढे ग्लास ठेवला. लाल नव्हे, साध्या काचेचा. आत काळीभोर बीअर, वर तपकिरी फेस.

“बाई, ही तुमची. तुम्ही अजून चाखलेलीच नाही.”

खरंच की. लोक दोन हिवाळे जी बीअर पीत होते, जिच्यावर माझ्या सह्या होत्या, तिच्या मोठ्या टाकीतला एक थेंबही माझ्या जिभेवर पडला नव्हता. टेबलाभोवती सगळे थांबले. दादासुद्धा खुर्ची ओढून बसले.

मी घोट घेतला. आधी दूध आलं, मग भाजलेपणा, मग ती चिवट गोडी दाढांपर्यंत गेली आणि तिथे बसून राहिली. घशाशी थोडा कडवटपणा, आणि सगळ्यात शेवटी जायफळ.

“कसं?” दादांनी विचारलं.

“जायफळ जरा जास्त आहे.”

परेरा साहेब म्हणाले, “दोन वर्षं एवढंच घालतोय. कोणी बोललं नाही.”

“दोन वर्षं मी प्याले नव्हते.”

सावंत साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. पुढच्या टाकीत जायफळ कमी झालं, आणि कारखाना विकला जाईपर्यंत, आणखी पाचसहा हिवाळे, ती तशीच राहिली. नव्या मालकांना साधी, स्वस्त बीअर हवी होती. त्यांचंही काही चुकलं नसेल. मी आणखी थोडी वर्षं काम केलं, पण तसा ग्लास पुन्हा टेबलावर आला नाही.

त्या सकाळी मात्र मी दोन चमच्यांवर थांबले नाही. पूर्ण ग्लास संपवला, सावकाश, सगळ्यांसमोर. आणि मग वही परेरा साहेबांकडे सरकवून सांगितलं, “आज बाकीच्या टाक्या तुम्ही बघा. मी प्यायलेली आहे, मला सही करता येणार नाही.”